कोकणातल्या रस्त्यांवर ॲडव्हेंचर गाडीचं सस्पेन्शन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतीला आठ-दहा दिवस उरले की विचारणा सुरू होते. पावसाळा सरला की तीच पुन्हा येते. कुणाच्या गाडीचा मागचा भाग बसलेला असतो, कुणाचं पुढचं ऑइल गळत असतं, तर कुणी महागडा शॉक घालूनही समाधानी नसतो. जे प्रश्न फिरून फिरून येतात ते इथे एका जागी उत्तरांसह देतो आहे. मी रत्नागिरीत राहतो आणि हिमालयन ४११ चालवतो, त्यामुळे उदाहरणं तिचीच जास्त आहेत. एक्सपल्स, केटीएम ३९० ॲडव्हेंचर किंवा हिमालयन ४५० असली तरी तत्त्व बदलत नाही.

१. ‘सस्पेन्शन अपग्रेड’ म्हणजे नेमकं काय बदलतात? गॅरेजवाला फक्त ‘शॉकअप बदला’ म्हणतो.

दोन गोष्टी वेगळ्या करून बघा. स्प्रिंग वजन पेलते. डॅम्पिंग त्या स्प्रिंगची उसळी आवरतं: आतलं ऑइल बारीक वाटांमधून ढकललं जातं आणि त्याला जो विरोध होतो तो म्हणजे डॅम्पिंग. खड्ड्यात गेल्यावर होणारा विरोध कम्प्रेशनचा, वर येताना होणारा रिबाउंडचा.

पुढच्या फोर्कमध्ये, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांत, स्वस्ताकडून महागाकडे जाताना पर्याय असे: ताजं ऑइल, आपल्या वजनाच्या स्प्रिंगा, एम्युलेटर (आत बसवायचा छोटा व्हॉल्व्ह) आणि शेवटी पूर्ण कार्ट्रिज किट, म्हणजे आतलं सगळं डॅम्पिंगच नवं (प्रश्न ८). मागे एक तर नुसती स्प्रिंग बदलता येते किंवा अख्खा मोनोशॉक, म्हणजे मागचा एकुलता एक शॉक. स्वीडनची ओहलिन्स, थायलंडची वायएसएस, नेदरलँड्सची हायपरप्रो ही नावं तुमच्या कानावर येतील. नावावरून निवड करू नका. तुमच्या वजनाची स्प्रिंग मिळते का आणि तो शॉक पुढे उघडून दुरुस्त होतो का, हे दोन प्रश्न आधी विचारा.

२. गाडी जेमतेम वर्षाची आहे. तरी खड्ड्यात कमरेला दणके बसतात. लगेच शॉक बदलू?

नको. आधी टायरमधली हवा थंड टायरवर मोजा. पेट्रोल पंपावरचा काटा खरा असेलच असं नाही, म्हणून स्वतःचा गेज ठेवा. ‘सस्पेन्शन कडक आहे’ म्हणून माझ्याकडे आलेल्या गाड्यांमध्ये मागच्या टायरला गरजेपेक्षा सात-आठ पीएसआय हवा जास्त असल्याचं मी एकदा नाही, अनेकदा पाहिलं आहे.

मग कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, बघा. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश वळवा. मधोमध खाचेत बसल्यासारखं अडकलं तर कोनसेट गेलाय. मागचं चाक दोन्ही हातांनी आडवं हलवून पाहा, खडखड आली तर चिमट्याच्या, म्हणजे स्विंगआर्मच्या, बेअरिंगकडे लक्ष द्या. हे सगळं ठीक असेल तर सॅग मोजा (प्रश्न ३). पैसे खर्चण्याची वेळ त्यानंतर.

३. सॅग म्हणजे काय आणि घरी कसा मोजायचा?

गाडीवर बसल्यावर सस्पेन्शन किती खाली बसतं, तो आकडा म्हणजे सॅग. या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा. बाकीची बहुतेक उत्तरं यावर उभी आहेत.

एक मोजपट्टी, चिकटपट्टी आणि दोन माणसं लागतात. मागच्या ॲक्सलच्या सरळ वर, गाडीच्या न हलणाऱ्या भागावर चिकटपट्टीची खूण करा. मेन स्टँडवर मागचं चाक पूर्ण अधांतरी असताना ॲक्सल ते खूण हे अंतर घ्या. समजा, ६०० मिमी आलं. आता गाडी जमिनीवर सरळ उभी धरा, कुणी बसलेलं नाही, आणि पुन्हा मोजा. समजा ५८२. हा १८ मिमीचा फरक म्हणजे गाडीच्या स्वतःच्या वजनाचा सॅग. मग जॅकेट, बूट, हेल्मेटसकट तुम्ही बसा, पाय फूटरेस्टवर ठेवा, कुणाला तरी हँडल धरायला सांगा, आणि तिसरं माप घ्या. ५४६ आलं तर स्वारासकटचा सॅग ५४ मिमी.

आता गाडीचा ट्रॅव्हल, म्हणजे चाक एकूण किती वर-खाली जाऊ शकतं ते, बघा. हिमालयन ४११ ला मागे १८० मिमी आहे, म्हणजे ५४ मिमी बरोबर ३० टक्के. आपल्यासारख्या मिश्र रस्त्यांना २८ ते ३३ टक्के ठेवा. पुढचंही माप असंच. तिथे २०० मिमी ट्रॅव्हल आहे, म्हणून ५५ ते ६५ मिमी.

एक खबरदारी. सील आणि बुश थोडे अडखळतात, त्यामुळे माप फसवतं. गाडी एकदा दाबून हळू वर येऊ द्या आणि मोजा, मग एकदा उचलून हळू खाली बसू द्या आणि मोजा. दोन्हींची सरासरी खरी. या दोन मापांत १५-२० मिमीचा फरक येत असेल तर आत काहीतरी घासतंय: फोर्क वाकडा बसलाय, सील सुकलंय किंवा लिंकेजचं, म्हणजे शॉक आणि चिमटा जोडणाऱ्या दांड्यांचं, बेअरिंग गंजलंय (प्रश्न ११).

४. प्रीलोड वाढवला की स्प्रिंग कडक होते ना?

नाही. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. प्रीलोड म्हणजे कुणी बसण्याआधीच, रिंग फिरवून, स्प्रिंगला दिलेला दाब.

शॉकची स्प्रिंग १०० न्यूटन प्रति मिमीची आहे असं धरा. ती एक मिमी दाबायला साधारण दहा किलोचा भार लागतो. प्रीलोडची रिंग तुम्ही ५ मिमी फिरवा किंवा १५ मिमी, पुढचा प्रत्येक मिमी दाबायला तेवढेच दहा किलो लागणार. प्रीलोडने बदलते ती गाडीची उंची, म्हणजे तुमच्या वजनाखाली गाडी किती बसते ते. म्हणून प्रीलोड हे सॅग लावायचं साधन आहे, कडकपणा लावायचं नव्हे.

मग प्रीलोड वाढवल्यावर गाडी कडक का भासते? कारण जास्त प्रीलोडवर सॅग जवळजवळ संपतो. चाकाला खाली जायला जागाच उरत नाही, आणि छोट्या खाचखळग्यांत ते जमिनीवरून सुटतं. लिंकेज असलेल्या गाडीत रिंगचा एक मिमी चाकाशी दुपटीहून जास्त होतो, त्यामुळे अर्धा-पाऊण वेढासुद्धा चांगलाच जाणवतो.

याला अपवाद एकच: प्रोग्रेसिव्ह स्प्रिंग, जिचे वेढे एका टोकाला जवळजवळ असतात. तिला प्रीलोड दिला की ते मऊ वेढे आधीच दबून जातात आणि उरलेली स्प्रिंग खरंच कडक वागते.

५. मग माझ्या वजनाला स्प्रिंग चुकीची आहे हे ओळखायचं कसं?

स्वारासकटचा सॅग आधी बरोबर लावून घ्या, आणि मग गाडीचा एकटीचा सॅग बघा. मागे तो साधारण १० ते २५ मिमी असावा.

एकटीचा सॅग जवळजवळ शून्य आला, तर स्प्रिंग तुम्हाला मऊ पडते आहे. ऐकायला उलट वाटतं, पण विचार करा: मऊ स्प्रिंगवर तुमचं वजन पेलायला तुम्हाला इतका प्रीलोड द्यावा लागला की रिकामी गाडी पूर्ण वर चढून बसली. याच्या उलट, एकटीचाच सॅग ३०-३५ मिमी आला तर स्प्रिंग तुम्हाला कडक आहे. ५५ किलोच्या स्वारांना हे बऱ्याचदा आढळतं, आणि त्यांना सगळे ‘अजून कडक शॉक घाल’ असा सल्ला देत असतात याचं मला वाईट वाटतं.

६. गणपतीला मुंबईहून बायको आणि सामानासह येतो. पेणच्या पुढे गाडीचं ढुंगण टेकतं. काय करू?

हिशेब मांडा. तुम्ही ८०, त्या ६०, सामान २५, स्टीलचा रॅक आणि पेट्या १५: एकूण १८० किलो. हिमालयन ४११ स्वतः १९९ किलोची आहे. जवळपास आणखी एक गाडी तिच्या पाठीवर बसवली, आणि त्यातलं बहुतेक वजन मागच्या चाकावर किंवा त्याच्याही मागे. मागचं बसलं की पुढचं हलकं होतं, हँडल तरंगतं, वळणावर गाडी बाहेर जायला बघते, आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. हायवेवर रात्री ही गंभीर गोष्ट आहे.

निघायच्या आदल्या दिवशी पूर्ण भरलेल्या गाडीवर दोघंही बसून सॅग मोजा आणि प्रीलोड वाढवून तो पुन्हा ३० टक्क्यांवर आणा. टायरमधली हवा मॅन्युअलमधल्या दोघांच्या आकड्यावर न्या. रिबाउंड लावता येत असेल तर त्याचा स्क्रू दोन क्लिक (फिरवताना जाणवणारे टप्पे, प्रश्न ९) वाढवा, कारण जास्त दाबलेली स्प्रिंग जास्त जोराने उसळते. प्रीलोड शेवटच्या खाचेवर नेऊनही सॅग ३८-४० टक्के राहत असेल, तर तुम्हाला जास्त रेटची, म्हणजे जास्त कडक, स्प्रिंगच हवी. इथे खर्च खरोखर सार्थकी लागतो.

आणि सामान कमी करा. नारळ, काजू आणि आमसुलं परतीला असतातच, ती पेटीच्या तळाशी, शक्य तितकी पुढे ठेवा. टॉप बॉक्समध्ये जड काही नको. एवढ्यानंही फरक पडतो.

७. एरवी एकटा फिरतो, महिन्यातून एकदा दोघं. स्प्रिंग कोणाच्या वजनाची घेऊ?

एकट्याच्या वजनाची घ्या, आणि जमलं तर हाताने फिरवायच्या नॉबचा हायड्रॉलिक प्रीलोड असलेला शॉक घ्या. मागे कुणी बसलं की नॉब ठरावीक वेढे फिरवायचा, उतरलं की परत. वेढ्यांचा आकडा टाकीखाली चिकटपट्टीवर लिहून ठेवा. हे परवडत नसेल तर प्रोग्रेसिव्ह स्प्रिंग हा ठीकठाक मधला मार्ग आहे. मात्र महिन्यातल्या तीन-चार वाऱ्या जोडीनेच होत असतील तर हा हिशेब उलटा करा.

८. आंबा घाट उतरताना ब्रेक लावला की पुढचं नाक खाली जातं, आणि खड्ड्यात मात्र मनगटाला झटका बसतो. एकाच वेळी मऊ आणि कडक कसं?

तुमचं निरीक्षण अचूक आहे. हिमालयन ४११ सारख्या गाड्यांच्या साध्या फोर्कमध्ये डॅम्पर रॉड असतो, आणि त्याला ठरावीक आकाराची भोकं. चाक हळू हललं की ऑइल त्या भोकांतून सहज निसटतं, म्हणून ब्रेकला नाक बुडतं. खड्ड्याच्या धारदार कडेवर चाक झटक्याने वर येतं तेव्हा तेच भोक अपुरं पडतं. वेग दुप्पट झाला की विरोध जवळपास चौपट होतो, आणि ऑइल जणू गोठतं.

म्हणूनच ‘जाड ऑइल घाल’ हा सोपा उपाय अर्धाच उपयोगी आहे. नाक थोडं कमी बुडेल, खड्डे मात्र आणखी टोचतील. आधी वजनाप्रमाणे स्प्रिंग घाला. मग एम्युलेटर: रॉडची भोकं मोठी करायची आणि वर स्प्रिंगने दाबलेला छोटा व्हॉल्व्ह बसवायचा, जो झटक्याला उघडतो आणि ऑइलला मोठी वाट देतो. पूर्ण कार्ट्रिज किट याहून चांगलं, कारण त्यात कम्प्रेशन आणि रिबाउंड वेगवेगळे लावता येतात, पण खर्च कितीतरी जास्त. कोकणातल्या रोजच्या वापराला मी स्प्रिंग आणि एम्युलेटरवर समाधानी आहे.

ऑइल घेताना डब्यावरच्या ‘१०डब्ल्यू’ वर विसंबू नका. दोन कंपन्यांच्या १०डब्ल्यूच्या दाटपणात बराच फरक असतो. ४० अंशांवरचा सेंटिस्टोक्सचा आकडा जुळवा. पातळीही डोळ्यांनी नको, स्प्रिंग काढून, फोर्क पूर्ण दाबून, वरच्या कडेपासून मिलिमीटरमध्ये मोजा. वर उरलेली हवा शेवटच्या टप्प्यात स्प्रिंगसारखं काम करते. ऑइल १० मिमी वर आणलं की सुरुवातीला काही कळत नाही, पण तळाला आपटणं कमी होतं.

९. नव्या शॉकला कम्प्रेशन आणि रिबाउंडचे क्लिक आहेत. सुरुवात कुठून करू?

सॅगपासून. तो झाला नसेल तर क्लिकना हात लावू नका.

मग प्रत्येक स्क्रू घड्याळाच्या दिशेने हलक्या हाताने पूर्ण बंद करा आणि क्लिक मोजा. जोर लावला तर आतली सुई खराब होते. आलेला आकडा वहीत लिहा. आता कंपनीने सांगितलेल्या जागी आणा, तेवढे क्लिक उघडून.

पहिल्यांदा रिबाउंड. सीट जोरात दाबून सोडा. मागचा भाग वर येऊन थांबला पाहिजे. होडीसारखा वर-खाली डुलला तर रिबाउंड कमी आहे, सुस्तपणे रेंगाळत वर आला तर जास्त. एवढं झालं की रस्त्यावर चला. ओळखीचा दोन किलोमीटरचा तुकडा निवडा, ज्यात उखडलेलं डांबर, एक-दोन गतिरोधक आणि एक खराब वळण आहे. आरे-वारेचा रस्ता यासाठी नको, सुट्टीच्या दिवशी तिथे गर्दी असते आणि तुमचं लक्ष क्लिकमध्ये असतं. एका वेळी एकच स्क्रू, दोनच क्लिक, मग तोच तुकडा, तोच वेग.

आता एक फसवी गोष्ट. पहिला खड्डा छान जातो, दुसरा बरा, आणि चौथ्या-पाचव्याला गाडी दगडासारखी होते. बहुतेक जण इथे कम्प्रेशन कमी करतात. खरं कारण रिबाउंड जास्त असणं हे आहे. दोन खड्ड्यांच्या मधल्या वेळात चाक पूर्ण खाली येत नाही, प्रत्येक खड्ड्यागणिक शॉक थोडा थोडा आत दबत जातो, आणि शेवटी ट्रॅव्हलच उरत नाही. जांभ्याच्या नालीदार कच्च्या रस्त्यावर हे लगेच कळतं. रिबाउंड दोन क्लिक सोडा.

फोर्कच्या नळीला एक प्लास्टिकची केबल टाय सैलसर बांधा. फेरी झाल्यावर ती जिथे सरकली असेल तेवढा ट्रॅव्हल वापरला गेला. सगळ्यात वाईट खड्ड्यात १०-१५ मिमी शिल्लक राहिला तर छान. कधीच अर्ध्याच्या वर जात नसेल, तर स्प्रिंग किंवा कम्प्रेशन तुम्हाला जास्त आहे.

१०. दरवर्षी पावसाळ्यात फोर्क सील फुटतं. कंपनीचंच घालतो, तरीही. खोबरेल लावू का?

खोबरेल नको. ते चिकट राहतं, त्यावर जांभ्याची लाल धूळ बसते, आणि सीलच्या ओठाशी पॉलिश पेपरसारखी लगदी तयार होते. २४ अंशांच्या खाली ते थिजतंही, आंबोलीत थंडीत गाडी लावली तर बघायला मिळेल.

दरवर्षी सील जात असेल तर दोष सीलचा नसतो, नळीचा असतो. खारी हवा क्रोमला सुईच्या टोकाएवढी भोकं पाडते, त्यांतून गंज वर येतो, आणि प्रत्येक दाबीला ती धार सील कापते. नळी स्वच्छ पुसून नखाने वर-खाली चाचपा. नख अडकलं तर भोक तिथे आहे. अगदी उथळ असेल तर २००० नंबरचा पॉलिश पेपर ऑइलमध्ये भिजवून, नळीभोवती आडवा फिरवून, धार मोडता येते. खोल असेल तर हार्ड क्रोम करून घ्या, हे काम कोल्हापूर-पुण्याकडे होतं, किंवा नळी बदला. नुसतं सील बदलणं म्हणजे दर जूनला तोच खर्च.

ऑइल नुकतंच पाझरायला लागलं असेल तर सील बदलण्याआधी एकदा साफ करून बघा. डस्ट सील खाली ओढा, जुन्या कॅमेऱ्याच्या रिळाची पट्टी सीलच्या ओठात सरकवून गोल फिरवा. अडकलेला वाळूचा कण निघाला की गळती थांबतेसुद्धा. ऑइल ब्रेक डिस्कवर गेलं असेल तर डिस्क ब्रेक क्लीनरने पुसा आणि पॅड बदला. भिजलेल्या पॅडवर घाट उतरू नका.

फोर्कच्या नळ्यांवर रबरी गेटर, म्हणजे घडीच्या बाह्या, असतील तर पावसाळ्यात महिन्यातून एकदा वर सरकवा. आत ओला चिखल साचून राहतो आणि गंज तिथेच, झाकलेल्या जागी, वाढतो.

११. पावसाळा संपल्यावर काय काय उघडून बघायचं?

पुढचं ऑइल बदला, किलोमीटर कितीही झालेले असोत. पाणी शिरलं असेल तर ते दुधट निघतं. मागचं लिंकेज उघडा. हेच काम सगळे टाळतात, आणि त्याचे परिणाम सर्वांत वाईट होतात. लिंकेजमध्ये सुईसारखी रोलर बेअरिंग्ज असतात, चिखलाच्या अगदी तोंडाशी. कोरडी पडून गंजली की मागचा शॉक कितीही भारी असो, चाक हलत नाही. माझ्या गाडीचा एक बोल्ट गंजून इतका अडकला होता की शेवटी कापून काढावा लागला. तेव्हापासून ऑक्टोबर चुकवत नाही.

ग्रीस पाण्यात न सुटणारा वापरा. बंदरावर होड्यांच्या सामानाच्या दुकानांत मिळणारा मरीन ग्रीस चालतो. बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कवर, टॉर्क रेंचनेच आवळा. कोनसेटलाही तोच ग्रीस.

१२. प्रीलोडची रिंग हलतच नाही. हातोडी-छिन्नीने फिरवली तर?

थांबा. शॉकचं अंग ॲल्युमिनियमचं असतं, आणि खाऱ्या हवेत स्टीलला टेकलेलं ॲल्युमिनियम पांढरी भुकटी धरतं. ती आट्यांत घट्ट बसलेली असते. छिन्नी मारली तर आट्याच निघतील.

चाक अधांतरी करा म्हणजे स्प्रिंगवरचा भार कमी होईल. जुना टूथब्रश आणि गोडं पाणी घेऊन आट्या धुवा, वाळू द्या, गंज सोडवणारा स्प्रे मारा आणि रात्रभर ठेवा. सकाळी आधी लॉक रिंग, मग मुख्य रिंग सी-स्पॅनरने थोडी पुढे, थोडी मागे, अशी हलवत सोडवा. पुढे असं होऊ नये म्हणून जुन्या ट्यूबचा तुकडा मागच्या टायर आणि शॉकच्या मध्ये पडद्यासारखा बांधा, शॉकला हवा लागेल एवढी जागा ठेवून.

१३. किनाऱ्यावरच्या वाळूत आणि सड्यावर चालवायला काय सेटिंग ठेवू?

किनाऱ्यासाठी मी सेटिंग सांगणार नाही. वेळास, आंजर्ले आणि इतर कितीतरी पुळणींवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. वाळूखालचं घरटं वरून दिसत नाही. गाडी पार्किंगमध्ये ठेवा आणि चालत जा.

सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, वाट असेल त्याच वाटेने जा. उक्षी, बारसू, देवाचे गोठणे इथल्या कातळावर खोदचित्रं आहेत. २०२२ पासून कोकणची ही कातळशिल्पं युनेस्कोच्या प्रस्तावित यादीत आहेत. उन्हात ती रेषा नीट दिसतसुद्धा नाही, टायर मात्र ती झिजवतं. वाटेवरच्या कातळासाठी रिबाउंड एक-दोन क्लिक सोडा, कम्प्रेशन तसंच ठेवा, टायरची हवा थोडी उतरवा आणि डांबर लागलं की पुन्हा भरा.

१४. फेरीबोटीने दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ केलं तर वेगळी काळजी?

रॅम्पवरचं खारं पाणी अंगावर उडतं. त्याच दिवशी गोड्या पाण्याने, साध्या नळीने, फोर्क, शॉक आणि लिंकेज धुवा. प्रेशरचा फवारा सीलवर मारू नका, तो पाणी आत ढकलतो.

१५. उंची ५ फूट २ इंच आहे. पाय टेकत नाहीत, म्हणून प्रीलोड पूर्ण सोडला. चालेल ना?

ताई, तो लगेच परत लावा. सॅग ४५-५० टक्के झाला की ट्रॅव्हल अर्धाच उरतो, प्रत्येक खड्ड्यात शॉक तळाला आपटतो, आणि गाडी वळणावर मागे झुकलेली राहते.

सीटचा फोम कापणं हा पहिला आणि सगळ्यात निरुपद्रवी उपाय. वीस-पंचवीस मिमी कमी होतात, आणि मधला भाग अरुंद केला की पाय सरळ खाली येतात. एक पाय पूर्ण टेकला की पुरतो, दोन्ही टेकलेच पाहिजेत असं नाही. उंची आणखी कमी करायचीच असेल तर लांब लिंक घालून मागचा भाग खाली आणता येतो, पण लिंक बदलली की शॉकवरचा जोर बदलतो, सॅग नव्याने लावावा लागतो, आणि पूर्ण दाबलेल्या स्थितीत टायर मडगार्डला घासत नाही ना ते स्प्रिंग काढून तपासावं लागतं. पुढच्या नळ्याही तेवढ्याच वर सरकवायच्या, नाहीतर गाडीचा कल बिघडतो (प्रश्न १६). सगळ्यात नीट मार्ग म्हणजे कमी लांबीचा, तुमच्या वजनाच्या स्प्रिंगचा शॉक.

१६. उलट, मी मागचा शॉक लांब घातला. आता ८० च्या वेगाला हँडल थरथरतं.

मागचं वर गेलं की पुढचा फोर्क जास्त उभा होतो आणि ट्रेल, म्हणजे पुढचं चाक हँडलच्या अक्षाच्या मागे जेवढं टेकतं ते अंतर, कमी होतो. गाडी चपळ होते, पण सरळ वेगात अस्थिर. फोर्कच्या नळ्या क्लॅम्पमध्ये वर निघालेल्या असतील तर खाली घ्या, मागचा सॅग ३३ टक्क्यांकडे न्या, आणि तरी थांबलं नाही तर शॉकची लांबी कमी करा. कोनसेट सैल असेल तरी हेच होतं, तो आधी बघा.

सोबत चेनही तपासा. ॲक्सल, चिमट्याचा पिव्होट आणि पुढचं स्प्रॉकेट एका रेषेत येतात तेव्हा चेन सगळ्यात ताठ असते. तिथे थोडा ढिलेपणा हवाच. साइड स्टँड आता आखूड पडेल, गाडी जास्त कलेल, आणि ओल्या जांभ्यात पडेल. ब्रेक होज आणि एबीएसची वायर पूर्ण उघडलेल्या फोर्कवर ताणली जात नाही ना तेही बघा.

१७. आरटीओ, विमा, वॉरंटी यांचं काय?

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीवर नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने करू नये. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहेत. म्हणून गाडीची मापं बदलणार असाल तर आरटीओला आधी विचारा. महाग शॉक असेल तर विमा कंपनीला लेखी कळवा. वॉरंटीत असताना मूळ भाग जपून ठेवा. ते पुढे कामाला येतातच (प्रश्न १८).

१८. शॉकचं ऑइल गेलं. गावातल्या गॅरेजमध्ये रिपेअर होईल?

मोनोशॉकमध्ये दाबाने भरलेला नायट्रोजन असतो. तो सोडल्याशिवाय उघडायला गेलं तर भाग उडून जीवघेणी इजा होऊ शकते. तुमचा मेकॅनिक कितीही हुशार असला तरी हे काम त्याला सांगू नका. पुणे-मुंबईत शॉक रिबिल्ड करणारी दुकानं आहेत, पार्सलने पाठवावा लागतो. तोवर जुना मूळ शॉक गाडीला लावा.

पाठवताना चिठ्ठीवर तुमचं साहित्यासकट वजन, गाडीचं मॉडेल, किती दिवस एकटे आणि किती दिवस जोडीने फिरता, तुमच्या वहीतले क्लिक आणि दोन्ही सॅगचे आकडे लिहा. परत आला की प्रश्न ३ पासून पुन्हा मोजा, कारण उघडून बसवताना रिंगची जागा बदललेली असते. बसवल्यावर पहिल्या २००-३०० किलोमीटरनंतर सॅग आणखी एकदा तपासा. नवी सील आणि बुश तोवर बसलेले असतात, आणि दोन-तीन मिमीचा फरक हमखास निघतो.